आपलंच चितळ, अंदमानात परकं



अंदमानला जाऊन आलेल्या कुणालाही मोबाइलमधले फोटो दाखवायला सांगा. सेल्युलर जेलच्या दारातला फोटो असतोच. सावरकरांच्या कोठडीसमोर हात जोडलेला असतो. निळ्या समुद्राचे पाच-पन्नास असतात. आणि बहुतेकांकडे आणखी एक असतो, रॉस बेटावरचा. या बेटाचं नाव २०१८ पासून नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झालं आहे, पण बोटीवाले अजून रॉसच म्हणतात. मागे ब्रिटिशांच्या पडक्या इमारती, त्यांच्या भिंतींना विळखा घातलेली झाडांची मुळं आणि पुढे हातातलं खायला अगदी जवळ आलेलं ठिपक्यांचं हरण. आपण घरी येऊन सांगतो, "अंदमानची हरणं फार माणसाळलेली आहेत हो!"

आजच्या भागात मला एवढंच सांगायचं आहे की ते हरण अंदमानचं नाही. ते आपलं आहे. ताडोबाचं, पेंचचं, कान्हाचं, नागरहोळेचं चितळ आहे ते. माणसाने जहाजात घालून तिथे नेलं. आणि आपल्या जंगलात जो प्राणी वाघाचं पोट भरतो, ज्याच्यावाचून आपलं जंगल ओकंबोकं वाटेल, तोच प्राणी अंदमानच्या जंगलाला आतून पोखरतो आहे.

हे ऐकायला विचित्र वाटतं, कारण अंदमानही आपलंच आणि चितळही आपलंच. मग परकं कोण? हाच आजचा विषय.

"देशी" म्हणजे नेमकं कुठलं?

आधी तीन-चार शब्द नीट लावून घेऊ, म्हणजे पुढे गोंधळ होणार नाही.

एखादा प्राणी एखाद्या भागात माणसाच्या मदतीशिवाय पोहोचला असेल, तिथेच पिढ्यान्‌पिढ्या वाढला असेल, तर तो तिथला मूळचा, म्हणजे स्थानिक. तो जगात फक्त तिथेच सापडत असेल, तर त्याला म्हणायचं प्रदेशनिष्ठ. माणसाने मुद्दाम किंवा चुकून आणून सोडला असेल, तर तो आणलेला. आणि आणलेल्यांपैकी जो इतका पसरतो की मूळच्या जिवांना जड जातो, तो आक्रमक.

यात एक गोष्ट लक्षात घ्या. "स्वतः आला" आणि "आणला" यांत फार मोठा फरक आहे. २००२ च्या सुमारास कर्नाटकातून हत्ती सिंधुदुर्गात दोडामार्ग भागात आले. २०२१ मध्ये छत्तीसगडमधून हत्तींचा कळप गडचिरोलीत उतरला. शेतकऱ्यांचं नुकसान झालं, माणसंही दगावली, प्रश्न गंभीरच आहे. पण ते हत्ती आपल्या पायांनी आले. त्यांना राज्याची हद्द माहीत नव्हती, जंगलाला लागून जंगल होतं, ते चालत राहिले. त्यांना "आणलेले" म्हणता येणार नाही.

आता नकाशा उघडून अंदमान बघा. चेन्नईपासून सुमारे १,३५० किलोमीटर. मध्ये नुसतं पाणी. चितळ कितीही चांगलं पोहत असलं तरी बंगालचा उपसागर पोहून जात नाही. म्हणजे तिथे चितळ दिसलं की समजायचं, कुणीतरी नेलं.

अंदमानचे खरे रहिवासी

मग अंदमानात मूळचे सस्तन प्राणी कोणते? वाघ नाही, बिबट्या नाही, कोल्हा नाही, माकड नाही, हरीण नाही. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, एवढं घनदाट जंगल आणि प्राणी नाहीत?

कारण सोपं आहे. बेटावर जायचं तर उडत जावं लागतं, पोहत जावं लागतं किंवा वाहत आलेल्या ओंडक्यावर बसून जावं लागतं. हिमयुगात समुद्राची पातळी शंभर मीटरहून अधिक खाली होती तेव्हा अंदमानची बरीचशी बेटं एकमेकांना जोडली गेली होती, पण मुख्य भूमीवरचे मोठे प्राणी तिथवर आले नाहीत. म्हणून अंदमानातल्या मूळच्या सस्तन प्राण्यांत सगळ्यात जास्त भरणा आहे वटवाघळांचा. पंख असलेला हा एकच सस्तन प्राणी, त्यामुळे तो पोहोचला. वटवाघळांच्या काही जाती तर फक्त अंदमानातच आहेत.

त्यानंतर येतात चिचुंद्रीच्या कुळातले इवलेसे प्राणी. आपल्या घरात रात्री चिरचिर करत भिंतीच्या कडेने पळणारी चिचुंद्री तुम्ही पाहिली असेल. तिचेच हे रानातले चुलत भाऊबंद. रात्री पालापाचोळ्यात किडे शोधत फिरतात. अंदमानातल्या दोन आणि निकोबारमधली एक अशा या कुळातल्या तीन जातींचा समावेश भारतातल्या अतिसंकटग्रस्त सस्तन प्राण्यांत केला जातो. आपण वाघ, गेंडा, माळढोक यांची नावं घेतो, पण या यादीत ही मुठीत मावणारी चिचुंद्रीही आहे. आणि अजूनही नवीन सापडतायत. नारकोंडम नावाचं एक छोटं ज्वालामुखी बेट आहे, सात चौरस किलोमीटरसुद्धा भरत नाही. तिथल्या चिचुंद्रीची जात वेगळी आहे असं भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाच्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये जाहीर केलं. म्हणजे एकविसाव्या शतकातही तिथे कोण राहतं याची यादी पूर्ण झालेली नाही.

काही मूळचे रानउंदीर आहेत. समुद्रात डुगाँग आहे, समुद्री गाय म्हणतात तिला, अंदमान-निकोबारचा तो राज्यप्राणी. याशिवाय उदमांजराची एक जात आणि रानडुक्कर आहे. या दोघांबद्दल मात्र "मूळचे की फार पूर्वी माणसाने आणलेले" असा वाद अभ्यासकांत आहे. त्यावर पुढे येतो.

थोडक्यात, अंदमानचं जंगल लाखो वर्षं कोणत्याही मोठ्या पाला खाणाऱ्या प्राण्याशिवाय वाढलं. हे वाक्य डोक्यात ठेवा. पुढचं सगळं यावर उभं आहे.

चितळ उतरलं कसं?

१८५८ मध्ये ब्रिटिशांनी अंदमानात कैद्यांची वसाहत सुरू केली. रॉस बेटावर त्यांचं मुख्य ठाणं होतं. तिथे चर्च, बेकरी, क्लब, टेनिसचं मैदान असं सगळं होतं. साहेबांना करमणुकीला आणखी एक गोष्ट हवी होती, शिकार. अंदमानात शिकार करण्यासारखं काही नव्हतं. म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत मुख्य भूमीवरून चितळं आणून सोडली गेली. ज्या काळात समोरच्या सेल्युलर जेलमध्ये राजबंदी कोलू ओढत होते, साधारण त्याच काळातली ही गोष्ट. भेकरही आणलं होतं, पण ते चितळासारखं पसरलं नाही.

चितळ का पसरलं? तीन कारणं.

पहिलं, खायला भरपूर. चितळ गवत खातं, पाला खातं, खाली पडलेली फळं खातं, कोवळी रोपं खातं. चोखंदळ प्राणी नाही.

दुसरं, मारणारं कुणी नाही. आपल्या जंगलात चितळावर वाघ आहे, बिबट्या आहे, कोळसुंद्यांची टोळी आहे, पिल्लांवर कोल्हा आहे. शंभर जन्मली तरी शंभर वाढत नाहीत, म्हणूनच जंगल टिकतं. अंदमानात खाऱ्या पाण्यातली मगर सोडली तर चितळाला धरणारं कुणी नाही.

तिसरं, ते पोहतं. उपसागर पोहून येणार नाही, पण दोन बेटांमधली खाडी सहज ओलांडतं. एका बेटावर सोडलं की शेजारचं बेट त्याला दूर नाही. आज दक्षिणेला एका बाजूला पडलेलं लिटल अंदमान आणि काही लहान बेटं सोडली, तर अंदमानात चितळ जवळपास सगळीकडे आहे.

नुकसान काय होतं ते डोळ्यांना पटकन दिसत नाही, हीच अडचण आहे. तुम्ही जंगलात उभे राहिलात तर मोठमोठी झाडं जागच्या जागी असतात. वर बघितलं तर हिरवंगार. पण खाली बघा. रोपं नाहीत. गुडघाभर उंचीची, कमरेएवढी झाडं नाहीत. म्हणजे असं गाव समजा, ज्यात सगळे म्हातारे आहेत आणि शाळा बंद पडलेली आहे. आज गाव भरलेलं दिसतं. पन्नास वर्षांनी काय?

आणि खालची झुडपं गेली की तिच्यावर जगणारेही जातात. २०१६ मध्ये भारतीय संशोधकांच्या एका गटाने अंदमानातल्या सरड्यांवर काम प्रसिद्ध केलं. जिथे चितळं जास्त, तिथे झुडपांचा थर विरळ आणि तिथे जमिनीवर व बुंध्याच्या खालच्या भागात राहणारे सरडे कमी, असं त्यांना आढळलं. आता चितळ काही सरडा खात नाही. तरी सरडा कमी झाला. त्याचं छप्पर चितळाने खाल्लं. यातले काही सरडे जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. अंदमानातून गेले म्हणजे गेलेच.

दोन बिबट्यांची गोष्ट

चितळं फार झाली आहेत हे काही आज लक्षात आलेलं नाही. स्वातंत्र्यानंतर लगेचच, १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला यावर एक उपाय करून पाहिला गेला. बिबटे आणून सोडायचे! दोन बिबटे आणले आणि सोडले. दोन्ही माद्या निघाल्या.

हसू येतं, पण थोडं थांबून विचार करा. समजा त्यात एक नर असता तर? बिबटे वाढले असते. मग त्यांनी फक्त चितळंच खाल्ली असती का? बिबट्या जे सहज मिळेल ते खातो. झाडावरचे पक्षी, जमिनीवर राहणारे पक्षी, वस्तीतल्या शेळ्या, कुत्री. एक आणलेला प्राणी आवरायला दुसरा आणायचा, त्याला आवरायला तिसरा.

जगात हे झालेलं आहे आणि त्यातला नायक पुन्हा आपल्याकडचाच आहे. आपलं मुंगूस. उसाच्या शेतातले उंदीर मारतील म्हणून १८७२ मध्ये भारतातून जमैकात मुंगसं नेली. तिथून १८८३ मध्ये हवाई बेटांवर. पण हवाईत मुंगूस फिरतं दिवसा आणि उंदीर बाहेर पडतो रात्री. दोघांची गाठ पडणं कठीण. मुंगसाने मग सोपा मार्ग धरला, जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी. उंदीर राहिले ते राहिलेच, मुंगूसही राहिलं आणि पक्षी कमी झाले. म्हणून अंदमानातल्या त्या दोन माद्यांचे खरं तर आभारच मानायला हवेत.

कामावरून सुटलेले हत्ती

आता हत्ती. अंदमानात हत्ती मूळचा नाही. तो लाकूडतोडीसाठी आला. अंदमानचा पडौक लाकडाच्या व्यापारात नावाजलेला. चॅथम बेटावरची लाकडाची गिरणी १८८३ ची. रस्ते नाहीत, चढउतार, चिखल, अशा जंगलातून ओंडके किनाऱ्यापर्यंत आणायचे तर हत्तीशिवाय कोण? म्हणून मुख्य भूमीवरून हत्ती जहाजाने आणले. काही हत्ती तर एका बेटावरून दुसऱ्या बेटावर पोहतही जात. हॅवलॉक बेटावरचा राजन नावाचा हत्ती समुद्रात पोहण्यासाठी प्रसिद्ध होता, २०१६ मध्ये तो गेला. तोही असाच लाकूडतोडीच्या कामातून निवृत्त झालेला.

मध्य अंदमानच्या पश्चिमेला इंटरव्ह्यू नावाचं बेट आहे, सुमारे १३३ चौरस किलोमीटर. तिथे तोड करणाऱ्या कंत्राटदाराचा धंदा बुडाला आणि १९६२ मध्ये त्याचे सुमारे ४० हत्ती तिथेच सोडून देण्यात आले. ना माहूत, ना चारा, ना परत नेण्याची व्यवस्था. हत्ती हुशार. ते जगले, त्यांना पिल्लं झाली, आणि माणसाळलेल्या हत्तींची पोरं रानटी झाली.

एका हत्तीला दिवसाला दीड-दोनशे किलो चारा लागतो. आसाम किंवा कर्नाटकात हत्ती शेकडो किलोमीटर फिरतो. इथे खाऊन झालं, सरकलं पुढे. तिथल्या जंगलालाही हत्तीची सवय आहे, त्याने वाकवलेलं झाड पुन्हा फुटतं. बेटावर पुढे सरकायला जागा नाही. हत्तीने वेत, बांबू, केवड्याच्या जातीची झाडं खाल्ली, मोठ्या झाडांच्या साली सोलल्या, झाडं पाडली.

रौफ अली यांनी अंदमानच्या बेटांवर अनेक वर्षं काम केलं. कुठे हत्ती आणि चितळ दोन्ही आहेत, कुठे एकच, कुठे एकही नाही, अशा बेटांची त्यांनी तुलना केली आणि २००४ मध्ये ती मांडली. त्यातून जे दिसतं ते साध्या भाषेत असं. हत्ती मोठी झाडं पाडतो. झाड पडलं की उजेड जमिनीवर येतो आणि नवी रोपं उगवतात, हा जंगलाचा नेहमीचा औषधोपचार. पण रोपं उगवली की चितळ ती खाऊन टाकतं. वरून हत्ती, खालून चितळ. म्हातारी झाडं पडतात आणि त्यांच्या जागी कुणी येत नाही. दोघांतलं एकच असतं तर जंगलाने कदाचित तग धरला असता. दोघांची जोडी जड जाते.

यात हत्तीचा काय दोष? काहीच नाही. चितळाचाही नाही. त्यांनी तिकीट काढलं नव्हतं. हे मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कारण "आक्रमक" हा शब्द ऐकला की आपल्याला प्राण्याचा राग येतो. निर्णय माणसाचा होता, प्राणी फक्त जगतोय.

डुक्कर, कुत्रा आणि शेळी

आता थोडं गुंतागुंतीचं. सगळंच काळं-पांढरं नसतं.

अंदमानचं रानडुक्कर घ्या. ओंगे आणि जारवा या तिथल्या आदिवासींच्या जेवणात आणि जगण्यात डुकराला मोठं स्थान आहे. बेटांवर जुन्या वस्त्यांचे ढिगारे आहेत, शिंपले, हाडं, खापरं यांचे, हजारो वर्षं साठलेले. त्यांच्या खोदकामावरून काही अभ्यासकांना असं वाटतं की डुक्करही माणसाबरोबरच कधीतरी बेटांवर आलं असावं. तसं असेल, तर डुक्करही "आणलेलं"च. पण आले त्याला हजारो वर्षं झाली. जंगल त्याच्याशी जुळवून बसलं, माणूस त्याच्यावर जगला, त्याची संख्या शिकारीने आटोक्यात राहिली. आज त्याला परकं ठरवून हाकलायचं का? कुणीही शहाणा माणूस तसं म्हणणार नाही. आणि चितळ? जारवा डुकराची शिकार करतात, पण चितळाच्या वाटेला सहसा जात नाहीत, असं निरीक्षण आहे. शंभरेक वर्षांचा पाहुणा अजून त्यांच्या पानात बसलेला नाही.

कुत्र्याची गोष्ट याच्या उलट. अंदमानी लोकांकडे पूर्वी कुत्रा नव्हता. १८५८ नंतर वसाहतीबरोबर आला आणि त्यांनी तो डुकराच्या शिकारीसाठी झपाट्याने आपलासा केला. त्यांच्या दृष्टीने कुत्रा उपयोगाचा पाहुणा. पण तेच कुत्रे वस्त्यांतून मोकाट झाले की किनाऱ्यावर कासवांची घरटी उकरतात. एकच प्राणी, एका जागी मदतनीस आणि दुसऱ्या जागी उपद्रव.

आणि शेळी. नारकोंडम बेटाचा मी मघाशी उल्लेख केला. तिथे नारकोंडम धनेश नावाचा पक्षी राहतो, जगात फक्त त्याच एका बेटावर. १९६० च्या दशकाच्या अखेरीस तिथे पोलिसांची चौकी झाली. माणसांना दूध-मटण लागतं, म्हणून शेळ्या गेल्या. शेळ्या सुटल्या, वाढल्या, आणि धनेश ज्या झाडांवर जगतो त्यांची रोपं खाऊ लागल्या. पक्षी अभ्यासकांनी हा धोका दाखवून दिला आणि शेळ्या तिथून काढण्यात आल्या. म्हणजे बघा, चूक दुरुस्त करता येते. बेट लहान होतं, शेळ्यांची मोजदाद होती, आणि ठरवलं तर झालं.

कायद्याचा पेच

मग चितळाचंही असंच का करत नाहीत? इथे खरी मेख आहे.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात चितळ संरक्षित आहे, हत्ती तर सर्वोच्च संरक्षणात आहे. हा कायदा ताडोबात जसा लागू, तसाच अंदमानात. म्हणजे जे चितळ अंदमानचं जंगल खातं, त्याला हात लावणं गुन्हा, आणि तो असायलाच हवा, नाहीतर शिकाऱ्यांना रान मोकळं होईल.

२०२२ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली आणि पहिल्यांदाच "आक्रमक परकीय प्रजाती" हा विषय कायद्यात आला. चांगलीच गोष्ट. पण त्याची व्याख्या काय? जी प्रजाती मूळची भारतातली नाही आणि जिच्यामुळे इथल्या वन्यजीवांना धोका आहे, ती. आता सांगा, चितळ मूळचं भारतातलं आहे की नाही? आहेच. हत्ती? आहेच. म्हणजे चितळ आणि हत्ती अंदमानात कितीही नुकसान करोत, या व्याख्येत ते बसतच नाहीत.

कायद्यात आणखी एक वाट आहे. काही प्राण्यांना ठरावीक भागापुरतं आणि ठरावीक काळापुरतं उपद्रवी जाहीर करता येतं. २०१५-१६ मध्ये बिहारमध्ये नीलगाय आणि रानडुकराबाबत, हिमाचलात माकडांबाबत असं झालं. पण तो उपाय शेती आणि माणसांच्या नुकसानीसाठी वापरला गेला. सरड्याची झुडपं गेली म्हणून कोण अर्ज करणार?

हाच प्राणी दुसऱ्या देशात गेला की सगळ्यांना कसं स्पष्ट दिसतं बघा. १८६८ मध्ये हवाईच्या राजाला भेट म्हणून हाँगकाँगहून चितळं आली आणि मोलोकाई बेटावर सोडली गेली. आज तिथे चितळ हा मोठा डोकेदुखीचा विषय आहे आणि त्याला परकीय म्हणायला कुणी कचरत नाही. कारण मध्ये देशाची सीमा आहे. चेन्नई आणि पोर्ट ब्लेअर, म्हणजे आताचं श्री विजयपुरम, यांच्यामध्ये सुमारे १,३५० किलोमीटर समुद्र आहे, पण झेंडा एकच. म्हणून आपण गोंधळतो. झाडाला, सरड्याला, चिचुंद्रीला झेंडा कळत नाही. त्यांना एवढंच कळतं की आपल्यासमोर काल काय होतं आणि आज काय आहे.

देशाची हद्द आणि प्राण्याचं घर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या कायद्याने ही गोष्ट अजून मान्य केलेली नाही.

मग करायचं काय?

गलापगोस बेटांवर शेळ्यांचा असाच प्रश्न होता. तिथे काही वर्षांची मोहीम काढून लाखाहून जास्त शेळ्या मारल्या गेल्या, आणि मूळची झाडं परत येऊ लागली. तसंच आपल्याकडे करा, असं मी म्हणत नाही. आपल्याकडे हरणाकडे बघण्याची भावना वेगळी आहे, आणि ती भावना फालतू नाही. त्याच भावनेमुळे आपल्या देशात इतक्या दाट वस्तीत वन्यप्राणी टिकले आहेत. बेटांवरचे कर्मचारी मोजके, जंगल दाट, खर्च मोठा, या अडचणीही खऱ्या आहेत.

पण काहीच न करणं हाही एक निर्णयच असतो. त्यात चितळाच्या बाजूने आणि सरड्याच्या विरुद्ध मत दिलेलं असतं, फक्त सही कुणाची नसते.

करण्यासारखं बरंच आहे. जिथे चितळ अजून पोहोचलेलं नाही, ती बेटं तशीच राखणं. हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महत्त्वाचं. छोट्या बेटांवर, जिथे संख्या मोजता येते, तिथून आधी सुरुवात करणं. जंगलाचे काही तुकडे कुंपण घालून बंद ठेवणं, म्हणजे रोपं वर येतात का ते दिसेल आणि बियाणं शिल्लक राहील. हत्तींची संख्या वाढू नये म्हणून पशुवैद्यकांच्या मदतीने काय करता येईल ते पाहणं. आणि कायद्याच्या व्याख्येत "भारतातली नसलेली" याऐवजी "त्या प्रदेशातली नसलेली" असा विचार आणणं. शेवटची गोष्ट फक्त चितळापुरती नाही. आपल्याकडचा मोठा पिवळा बेडूक अंदमानात असाच पसरला आहे आणि तिथल्या छोट्या जिवांना गिळतो आहे. तोही "भारतीय"च.

आणि तुम्ही-आम्ही? तुम्ही इंदुरात असा, बडोद्यात असा, हैदराबादेत किंवा बेळगावात असा, कधीतरी अंदमानला जाल. मराठी माणूस तिथे जातोच, आणि जावंच. जेलमध्ये नतमस्तक व्हा. रॉसला जा. चितळ दिसेल, गोड दिसेल, बघा. त्याला खायला घालू नका, एवढं करा. ज्याला खायला पुरत नाही असं नाही, उलट ज्याने बरंच खाल्लंय त्याला आपण आणखी भरवतो. आणि बरोबर मुलं असतील तर त्यांना सांगा, बाळा, हे आपल्याकडचं. याला इथे आणलं. इथलं खरं कोण आहे माहीत आहे? मग त्यांना खाली पालापाचोळ्याकडे बघायला सांगा. एखादा सरडा बुंध्यावर बसलेला दिसेल. चिचुंद्री बहुतेक दिसणार नाही, ती रात्रीची बाहेर पडते. पण ती तिथेच कुठेतरी असते, आणि लाखो वर्षं तिथेच आहे.

परत आल्यावर फोटो दाखवाल, तेव्हा हरणाच्या फोटोवर थांबून ही गोष्ट सांगा. घरातल्या चार माणसांना कळली तरी पुष्कळ झालं.

आज इथेच थांबतो. भेटूया पुढच्या भागात.